सावलीतली बाग कोल्हापुरात कशी करावी: होस्टाच्या जाती, त्यांची अडचण आणि इथं चालणारे पर्याय

घरामागं आंबा किंवा फणस असतो, नाहीतर शेजारी नवी अपार्टमेंट उभी राहते आणि अंगणातलं ऊन जातं. मग तिथं गुलाब कुढतो, शेवंती नुसतीच लांबडी वाढते, लॉन टक्कल पडल्यासारखं दिसायला लागतं. रात्री मोबाईलवर ‘सावलीत वाढणारी झाडं’ शोधायला बसलं की पहिल्या दहा फोटोंत सात फोटो होस्टाचे निघतात. निळसर, सोनेरी, पांढऱ्या काठाची मोठमोठी पानं, एकावर एक रचल्यासारखी. मन तिथंच अडकतं.

हा लेख अशा अडकलेल्यांसाठी आहे. आधीच सांगून टाकतो: कोल्हापुरात होस्टा जमिनीत लावून वर्षानुवर्षं टिकवणं जवळपास अशक्य आहे. पण होस्टामुळं बागेला जे रूप येतं, ते इथं नक्की आणता येतं, आणि त्यासाठी लागणारी बरीचशी झाडं नर्सरीत सहज मिळतात. होस्टाच्या जाती मात्र समजून घ्या, कारण सावलीतली बाग कशी रचायची ते त्यांच्याकडूनच शिकता येतं.

१. आधी सावली ओळखा

सावली सगळीकडे सारखी नसते. भिंतीआडची गडद सावली वेगळी, नारळाखालचे कवडसे वेगळे आणि सकाळी दोन तास कोवळं ऊन येऊन नंतर दिवसभर सावली असणारा पूर्वेकडचा पट्टा वेगळा. हा पट्टा सगळ्यात उत्तम. रंगीत पानांची बहुतेक झाडं तिथं खुलतात. आंब्याखाली गडद सावली आणि मुळांचं जाळं अशा दोन्ही अडचणी एकदम येतात.

इथं एक चकवा आहे. डिसेंबरात घराच्या उत्तरेकडची बाजू दिवसभर सावलीत दिसते, म्हणून लोक तिथं नाजूक झाडं लावतात आणि मे महिन्यात ती करपतात. कोल्हापूर साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळं मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो आणि सकाळ-संध्याकाळी तर तो चांगलाच उत्तरेकडून येतो. जून-जुलैमध्ये ढग असतात म्हणून ते ऊन जाणवत नाही, पण मेमध्ये तिथली पानं भाजून निघतात. म्हणून सावली मोजायची तर मेमध्ये मोजा. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता जागेचा फोटो काढून ठेवा, तेवढं पुरतं.

२. होस्टाच्या लोकप्रिय जाती पाहून घ्या, पण रचना शिकण्यासाठी

होस्टा मूळचा जपान, कोरिया आणि चीनचा. त्याच्या हजारो नोंदलेल्या जाती आहेत, पण नवख्यानं पानाच्या रंगावरून चार आणि फुलांच्या सुगंधावरून एक असे पाच गट लक्षात ठेवले तरी काम भागतं.

निळसर पानांत ‘हॅल्सियन’ आणि मोठ्या सुरकुतलेल्या पानांची ‘एलेगन्स’ या जुन्या, भरवशाच्या जाती. ‘ब्लू माउस इअर्स’ ही अगदी बुटकी, जाड गोल पानांची. कुंडीत किंवा वाटेच्या कडेला लावतात. होस्टाचा निळा रंग पानावरच्या मेणासारख्या थरामुळं दिसतो. कडक ऊन आणि जोराचा पाऊस यांनी तो थर निघून जातो आणि पान साधं हिरवं दिसायला लागतं. कोसळणारा पाऊस तर आपल्याकडे दरवर्षीचाच.

सोनेरीत ‘सम अँड सबस्टन्स’ सगळ्यांना माहीत. प्रचंड पानं, आणि इतर होस्टांपेक्षा ऊन जास्त सोसते. पांढऱ्या काठाच्या पानांत ‘पॅट्रियट’ आणि ‘फ्रान्सी’. मध्यभाग पिवळसर आणि काठ निळसर-हिरवे हवे असतील तर ‘जून’. आकारानं सगळ्यांना मागं टाकणारी ‘एम्प्रेस वू’. तिचा पसारा माणसाच्या कमरेपर्यंत येतो.

पाचवा गट सुगंधी फुलांचा आणि आपल्या दृष्टीनं महत्त्वाचा. होस्टाची फुलं एरवी फिक्या जांभळ्या किंवा पांढऱ्या रंगाची, लोक पानांपुढं त्यांच्याकडे फारसं बघत नाहीत. पण चीनमधून आलेली ‘प्लँटॅजिनिया’ मोठी, पांढरी, संध्याकाळी उमलणारी सुवासिक फुलं देते. तिच्या संकरातून आलेल्या ‘रॉयल स्टँडर्ड’, ‘सो स्वीट’, ‘ग्वाकामोले’ या जातीही सुवासिक. हा गट इतर होस्टांच्या मानानं उष्णता जास्त सोसतो.

अमेरिकेतले होस्टा उत्पादक दरवर्षी एका जातीला ‘वर्षातला होस्टा’ म्हणून निवडतात. १९९७ ला ‘पॅट्रियट’, २००१ ला ‘जून’, २००२ ला ‘ग्वाकामोले’, २००४ ला ‘सम अँड सबस्टन्स’ आणि २००८ ला ‘ब्लू माउस इअर्स’ निवडली गेली. फोटो बघायचे तर या पाच नावांनी बघा. रंग आणि आकार एकमेकांशेजारी कसे बसवतात हे चटकन कळतं.

३. होस्टा इथं का टिकत नाही

बहुतेकांना वाटतं, उन्हानं मरतो. खरी गोष्ट वेगळी आहे. होस्टाला हिवाळ्यात झोप लागते, आणि ती साधीसुधी नाही. किमान चार-सहा आठवडे पारा पाच-सहा अंशांच्या खाली राहिला, तरच पुढच्या हंगामात त्याचा कोंब जोमानं फुटतो. कोल्हापुरात थंडीच्या दिवसांतही पहाटेचा पारा बहुतेक वेळा चौदा-पंधराच्या आसपास. पन्हाळ्यावर जरा जास्त गारवा, पण होस्टाला पुरेल एवढा नाही.

झोप न मिळालेला होस्टा पहिल्या वर्षी छान दिसतो, कारण येताना तो थंड प्रदेशातली साठवण घेऊन आलेला असतो. दुसऱ्या वर्षी पानं लहान येतात, तिसऱ्या वर्षी दोन-चार काड्या. माणूस पाणी वाढवतो, खत वाढवतो आणि कंद कुजतो.

तरीही हौस असेल तर प्लँटॅजिनिया गटातला एखादा होस्टा कुंडीत लावून बघा. थंडीत पाणी तोडा. पानं वाळली की कंद स्वच्छ करून किंचित ओलसर कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा), भोकं पाडलेल्या पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सहा ते आठ आठवडे ठेवा. फ्रीजरमध्ये नको, आणि सफरचंद-केळ्यांजवळही नको. पिकणाऱ्या फळांतून निघणारा वायू कोंबांना बाधतो. घरातल्या माणसांची परवानगी ही यातली सगळ्यात अवघड पायरी. मला विचाराल तर एका कुंडीपुरता हा खेळ ठीक आहे, सबंध बाग त्यावर उभी करू नये.

४. खरेदीतले सापळे

होस्टाचं बी म्हणून ऑनलाइन जी पाकिटं विकतात, ती घेऊ नका. निळीशार, जांभळी, इंद्रधनुषी पानं दाखवणारे ते फोटो संगणकावर रंगवलेले असतात. बी अस्सल निघालं तरी ‘पॅट्रियट’च्या बियांतून ‘पॅट्रियट’ उगवत नाही. नावाच्या जाती गड्डा फोडून किंवा टिश्यू कल्चरनंच, म्हणजे प्रयोगशाळेत झाडाच्या तुकड्यापासून रोपं करून, वाढवतात. बियांतून येणारी रोपं बहुतेक साधी हिरवी निघतात.

अमेरिकेतल्या भाच्याला बॅगेत दोन गड्डे टाकून आणायला सांगू नका. २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशानुसार परदेशातून जिवंत रोपं आणायला आयात परवाना आणि तिकडच्या सरकारी यंत्रणेचा रोगमुक्ततेचा दाखला लागतो. नियम उगाच नाही. होस्टाला ‘होस्टा व्हायरस एक्स’ नावाचा रोग होतो, तो रसातून, कापणाऱ्या सुरीतून पसरतो. पानावर शाई फुटल्यासारखे डाग दिसतात आणि त्यावर औषध नाही.

तिसरा सापळा आपल्याच नर्सरीतला. ‘होस्टा आहे का?’ विचारलं की कुणी नाही म्हणत नाही, पट्ट्यापट्ट्यांच्या पानांचं काहीतरी हातात ठेवतात. झाड चांगलं असेलही, पण नाव खरं धरून चालू नका. पानाचा फोटो काढा, घरी ताडून बघा, मग घ्या. शहरात हिवाळ्यात पुष्पप्रदर्शन भरतं, तिथं एकाच ठिकाणी खूप झाडं नावासकट बघायला मिळतात. उरलेल्या वर्षात टाउन हॉलच्या बागेत मोठ्या झाडांखाली काय तग धरतं हे नुसतं फिरून पाहिलं तरी बरंच कळतं.

५. होस्टाच्या जागी काय लावायचं

हा भाग नीट वाचा, बाकी सगळं यावर अवलंबून आहे.

आपल्याकडेही झोपणारी झाडं आहेत. फरक एवढाच की ती थंडीमुळं नाही, कोरड्या हवेमुळं झोपतात. दिवाळीनंतर पानं पिवळी पडतात, कंद जमिनीत निजतो आणि वळवाचा पाऊस पडला की कोंब वर येतो. होस्टाचं वेळापत्रक बर्फावर चालतं, यांचं पावसावर. बागेचा कणा अशा झाडांचा केला तर झाडं तुमच्याशी भांडत नाहीत.

यात माझी पहिली पसंती भुईचाफ्याला. उन्हाळ्यात, पानाचा पत्ता नसताना, थेट मातीतून पांढरी-जांभळी सुवासिक फुलं येतात. त्यानंतर पानं फुटतात: वरून चंदेरी-हिरवी नक्षी, खालून जांभळट. पावसाळाभर सावलीत ती नक्षी बघत राहावी. भुईचाफ्याच्याच कुळातल्या कॅम्फेरिया पुल्क्राची पानं तर जमिनीलगत पसरतात. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या उष्ण राज्यांत होस्टा टिकत नाही, म्हणून तिथले बागवाले हीच कॅम्फेरिया लावतात आणि तिला ‘दक्षिणेचा होस्टा’ म्हणतात. म्हणजे आपला प्रश्न त्यांनी आपल्याकडच्या कुळातलं झाड घेऊन सोडवलाय.

दुसरं कॅलेडियम. पांढऱ्या पानावर हिरव्या शिरा असलेलं ‘कँडिडम’ हे गडद सावलीला उजाळा देणारं जुनं वाण. ‘पॅट्रियट’चा पांढरा काठ ज्यांना हवा होता, त्यांनी हे घ्यावं. लाल-गुलाबीही मिळतात, पण एका वाफ्यात एकच रंग ठेवा. सगळे रंग एकत्र केले की वाफा वरातीच्या मंडपासारखा दिसतो.

तिसरी रानहळद. राधानगरी, गगनबावडा, आंबा घाट या पट्ट्यात पावसाळ्यात दिसते. रुंद, उभी पानं आणि मधून वर येणारा गुलाबी तुरा. घाटातून उपटून आणू नका. रानातलं झाड काढणं चुकीचं, आणि अभयारण्यात तर गुन्हाच. आता देशी झाडांच्या नर्सऱ्यांत कंद मिळतात. उंच जागेसाठी पेव घ्या. वळणावळणाच्या दांड्यावर पानं जिन्यासारखी चढतात आणि पांढरी फुलं येतात.

या झोपणाऱ्या मंडळींची एक पंचाईत आहे: डिसेंबर ते मे वाफा रिकामा दिसतो. म्हणून साधारण निम्मी झाडं बारमाही हिरवी ठेवा. चंदेरी रंगासाठी ॲग्लोनेमा ‘सिल्व्हर क्वीन’. सोनेरीसाठी फिलोडेंड्रॉन ‘सिलोन गोल्ड’, त्याला सकाळचं थोडं ऊन लागतं, नाहीतर सोनं हिरवं होतं. मोठ्या पानांसाठी अलोकेशिया, भरपूर जागा देऊन. भिंतीआडच्या अगदी अंधाऱ्या कोपऱ्यात ॲस्पिडिस्ट्रा. हळू वाढते, पण दुर्लक्ष सहन करणारं तिच्यासारखं झाड नाही. काठाला स्पायडर प्लँट, मधल्या फटींत बोस्टन फर्न. पांढऱ्या फुलांसाठी पीस लिली आणि यूकॅरिस. सुगंध हवा असेल आणि जागा ओलसर असेल तर सोनटक्का, पण त्याला अर्धा दिवस तरी उजेड द्या, नाहीतर पानंच पानं.

निळ्या होस्टाला मात्र इथं खरा पर्याय नाही. चंदेरीवर समाधान मानावं लागतं.

एक इशारा घरातल्या सगळ्यांना देऊन ठेवा. कॅलेडियम, अलोकेशिया, ॲग्लोनेमा, डायफेनबाखिया यांच्या रसात सुईसारखे कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक असतात. तोंडात गेलं की जीभ-घसा सुजतो. शोभेचं अळू आणि फदफद्याचं अळू शेजारी शेजारी लावू नका. घाईत कुणी चुकीचं पान खुडलं तर जेवणाचा विचका होईल. कुत्रं-मांजर असेल तर ही झाडं त्यांच्या वाटेपासून लांब ठेवा. होस्टाही त्यांना विषारीच, त्यामुळं त्याबाबतीत काही गमावलं असं वाटून घेऊ नका.

६. सामान जमवा

• खुरपं, कुदळ, छोटी कात्री, रबरी हातमोजे
• कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत
• कोकोपीट, आणि निचऱ्यासाठी जाड वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे
• उसाचं पाचट किंवा वाळका पालापाचोळा
• नावाच्या पाट्या आणि न पुसणारा मार्कर
• टॉर्च, गोणपाट आणि थोडा गूळ (कशाला, ते आठव्या पायरीत)

पाट्या चैनीच्या वाटतात, पण झोपलेला कंद कुठं आहे हे फेब्रुवारीत कुणालाच आठवत नाही आणि कुदळ बरोबर त्याच्यावरच पडते.

७. माती आणि लावणी

नदीकाठच्या भागात काळी चिकट माती, पश्चिमेकडे पन्हाळा-जोतिबाच्या बाजूला तांबडी. काळ्या मातीत पाणी साठतं आणि कंद कुजतात, म्हणून वाफा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच करा. माती, खत आणि कोकोपीट सारख्या प्रमाणात, वर एक भाग वाळू. तांबड्या मातीत निचरा बरा असतो, तिथं वाळू कमी आणि खत जास्त.

आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांची कमी नाही, त्यामुळं प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ, स्वस्तात मिळतो. तो चांगलाच, पण पूर्ण कुजलेला हवा. ताजा प्रेसमड आतून तापतो आणि मुळं भाजतात. मूठभर घेऊन बघा: गरम लागत असेल किंवा आंबूस वास येत असेल तर दोन-तीन महिने बाजूला राहू द्या. ताजा बगॅस, म्हणजे उसाचा चोथाही मातीत मिसळू नका. कुजताना तो मातीतला नत्र खातो आणि झाडं पिवळी पडतात.

मोठ्या झाडाखाली वाफा करताना बुंध्याला माती लावायची नाही. अंगठ्यापेक्षा जाड मुळं तोडायची नाहीत. मुळांमध्ये जिथं जागा सापडेल तिथं खड्डे घ्या, आणि जिथं नाहीच सापडणार तिथं कुंडीच अर्धी पुरा. आंब्याखाली मी हाच मार्ग सुचवेन, कारण उघड्या मातीत टाकलेलं खत आणि पाणी आंबाच पिऊन टाकतो.

लावणीची वेळ: कंद मेच्या शेवटी, वळीव पडून गेल्यावर आणि मृग लागायच्या आधी. कंद दोन बोटं खोल, कोंबाचा डोळा वर. बारमाही रोपं जूनच्या मध्यावर, संततधार सुरू व्हायच्या आत, म्हणजे मुळं धरायला वेळ मिळतो. कौलारू घर असेल तर पागोळ्यांच्या रेषेत काहीच नाजूक लावू नका. वरून पडणाऱ्या धारेनं कॅलेडियमची पानं चिंध्या होतात. तिथं फर्न लावा.

मोठी पानं मागं, बुटकी पुढं हे सगळे सांगतात. त्यात एक भर घालतो: रुंद पानाशेजारी रुंद पान नको. ॲग्लोनेमाजवळ फर्न, अलोकेशियाच्या पायथ्याशी स्पायडर प्लँट. ‘एम्प्रेस वू’चे फोटो परत बघा, तिच्याजवळ बहुतेक वेळा काहीतरी बारीक पानांचं असतं.

८. पावसाळ्यातली निगा, म्हणजे मुख्यतः गोगलगायी

जगभर होस्टाचा पहिला शत्रू गोगलगाय, आणि आपल्या पर्यायी झाडांचाही तोच. जूनमध्ये कोवळी पानं आली की रात्रीत चाळण होते. शंखी गोगलगाय आणि बिनशंखाची, दोन्ही येतात. गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी वाफ्याच्या कडेला टाका. सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून गोळा करा आणि साबणाच्या किंवा मिठाच्या दाट पाण्यात बुडवा. मीठ थेट वाफ्यात टाकू नका, माती खराब होते. रात्री नऊनंतर टॉर्च घेऊन एक फेरी मारली तर आणखी बऱ्याच सापडतात. बाजारात मेटाल्डिहाइडच्या गोळ्या मिळतात, काम करतात, पण कुत्र्यांना त्या घातक आहेत. घरात कुत्रं असेल तर तो विचार सोडा.

पाचटाचं आच्छादन जून-जुलैमध्ये पातळ ठेवा, कारण त्याच्याखाली गोगलगायी लपतात. जाड थर पाऊस ओसरल्यावर द्या.

पाऊस नसेल तेव्हा पाणी सकाळी द्या. संध्याकाळी भिजलेली पानं रात्रभर ओली राहतात आणि बुरशीचे तपकिरी डाग पडतात. बोट मातीत घाला. दुसऱ्या पेरापर्यंत ओल लागली तर पाणी नको. खत पावसाळ्यात दोनदा पुरे, मूठभर गांडूळखत झाडाभोवती. युरिया टाकाल तर रंगीत पानं हिरवी आणि लुळी होतात.

९. दिवाळीनंतर

कॅलेडियम, भुईचाफा, रानहळद पिवळी पडायला लागली की पाणी हळूहळू कमी करत बंद करा. नवखे इथंच घाबरतात, झाड मरतंय म्हणून पाणी वाढवतात आणि झोपलेला कंद कुजवतात. पानं आपोआप सुकू द्या, हिरवी असताना कापू नका. त्यांच्यातलं अन्न कंदात उतरत असतं.

उंच वाफ्यात, निचरा चांगला असेल तर कंद जमिनीतच राहू द्या आणि वर पाचटाचा जाड थर द्या. मात्र शेजारच्या बारमाही झाडांना पाणी लागतंच, त्यामुळं झोपणारी आणि जागी राहणारी झाडं वेगवेगळ्या घोळक्यांत लावलेली बरी. एकत्र लावली असतील तर कॅलेडियमचे कंद काढा, आठवडाभर सावलीत वाळवा आणि कोरड्या कोकोपीटमध्ये, कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत घाम सुटतो.

गड्डे दोन-तीन वर्षांनी दाटतात. तेव्हा मेमध्ये, कोंब जेमतेम दिसायला लागले की उकरून फोडा, प्रत्येक तुकड्याला निदान एक डोळा ठेवा, कापलेल्या जागी राख लावा आणि एक दिवस वाळवून मग लावा. एका भुईचाफ्याचे त्यातून चार-पाच होतात. दोन स्वतःला ठेवून बाकीचे शेजारी वाटलेत, तर बदल्यात कुणाकडून तरी रानहळदीचा कंद मिळण्याची शक्यता चांगली असते, कारण ती नर्सरीत दरवेळी असतेच असं नाही.